नथूची बहीण

त्या वर्षी आठवीची क्षेत्रभेट कुठं न्यायची यावर शिक्षकांच्या खोलीत फार वाद झाला नाही. वसईचा किल्ला मुलांच्या पायाखालचा होता, निम्मी मुलं तिथं रविवारी क्रिकेट खेळायला जायची. मुख्याध्यापक म्हणाले, "अर्नाळ्याचं बेट बघा. किल्ला आहे, कोळीवाडा आहे, सगळीकडून समुद्र आहे. इतिहास आणि भूगोल एका दिवसात होईल. आणि आशालताबाई तिकडच्याच ना?"

आशालता वह्या तपासत होती. तिनं मान वर केली नाही, नुसती हलवली. नाही म्हणायला एखादं कारण लागलं असतं आणि ते तिला त्या क्षणी सुचलं नाही. शाळेत तिला अठरा वर्षं झाली होती. ती अर्नाळ्याची, हे मुख्याध्यापकांना सर्व्हिस बुकवरून माहीत होतं, पण ती अर्नाळ्याच्या बेटावरची, किल्ल्याच्या तटाला लागून असलेल्या कोळ्याच्या घरातली, हे कुणालाच माहीत नव्हतं. तिनं लपवलं असं नाही. कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही, एवढंच.

माणिकपूरला दुसऱ्या मजल्यावर तिचं घर होतं. नवरा जितेंद्र मुंबईत बँकेत. सकाळी सातला जायचा तो रात्री नऊला यायचा. मुलगा कौस्तुभ पुण्याला इंजिनिअरिंगला होता, त्याचा फोन रविवारी यायचा आणि तोही बहुतेक वेळा घाईत. संध्याकाळी साडेपाचला शाळेतून आलं की आशालता दार उघडायची, दिवा लावायची, एका माणसाचा चहा करायची. पूर्वी अशा वेळी कधी कधी दारात नथू उभा असायचा. हातात सुक्या बोंबलांची किंवा जवळ्याची पिशवी. आत यायचा, पण खुर्चीवर कधी बसायचा नाही, चपलांच्या कपाटाशेजारी भिंतीला टेकून खाली बसायचा आणि चहा बशीतून प्यायचा.

नथू तिचा भाऊ, तिच्यापेक्षा वर्षानं धाकटा, पण शाळेत तिच्याच वर्गात. बेटावर शाळा चौथीपर्यंतच. पुढं शिकायचं तर होडीनं अर्नाळ्याला जायचं. वडील रोज पहाटे मासेमारीला जाणारे, मुलीला पलीकडे पोचवणार कोण? तेव्हा नथूनं चौथीनंतर शाळा सोडली आणि वल्ही हातात घेतली. अकरावीपर्यंत, म्हणजे सात वर्षं, त्यानं बहिणीला रोज सकाळी पलीकडे सोडलं आणि संध्याकाळी परत आणलं. त्याबद्दल घरात कधी कुणी काही बोललं नाही. कोळ्याच्या पोरानं होडी वल्हवायची, यात बोलण्यासारखं काय होतं?

साडेचार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तो असाच आला होता. पिशवी नव्हती. कपाटाशेजारी बसून म्हणाला, "आयच्या पायांना सूज हाय. डाक्टर म्हनतो, वसईत ठेवा महिनाभर, रोज इंजेक्शन लागंल. दर्या असा. रोज कशी आनू तिला पलीकडं? तुझ्याकडं ठेवतो."

आशालता म्हणाली, "गणपती होऊ दे रे. कौस्तुभची दहावी आहे, जागा ही अशी. ह्यांना विचारते आणि कळवते."

नथूनं चहा संपवला, बशी मोरीत नेऊन धुतली आणि गेला.

तिनं जितेंद्रला विचारलंच नाही. आज विचारू, उद्या विचारू करत राहिली. श्रावणात आई गेली. निरोप तिसऱ्या दिवशी पोचला, कारण दोन दिवस होड्या पाण्यात घालता आल्या नव्हत्या. आशालता पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. नथू तिच्याशी भांडला नाही. बाराव्यापर्यंत ती येऊन जाऊन राहिली, तो तिच्यासमोरून कामं करत राहिला आणि पुढं त्यानं माणिकपूरला येणं बंद केलं. तीही गेली नाही. पहिलं वर्ष लाजेनं गेली नाही, नंतर सवयीनं.

जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी त्रेचाळीस मुलं, आशालता आणि पी. टी.चे सायमन सर अशी एस.टी. निघाली. गिरीज आलं तेव्हा सायमन सर उठून उभे राहिले. "ती केळीची वाडी दिसते ना, ती माझ्या काकांची. आणि हा रहाट बघा, याच्यावर मी लहानपणी बसायचो." मुलांनी खिडक्यांशी गर्दी केली. कुणीतरी विचारलं, "सर, तुमचं घर कुठलं?" सरांनी घर दाखवलं, अंगणात कपडे वाळत घालणारी आई दाखवली. सगळ्या बसनं तिला हात केले आणि म्हातारीनंही ओल्या हातानं हात केला. आशालता पुढच्या बाकावर मुलांच्या नावांची यादी मांडीवर घेऊन बसली होती. किती सोपं असतं हे, तिच्या मनात आलं. मग निर्मळ गेलं, आगाशी गेलं आणि खाऱ्या वाऱ्यात सुक्या मासळीचा वास आला, तशी मुलं नाकं दाबून हसायला लागली.

नथू या वेळी मासेमारीला गेलेला असणार, असा हिशोब तिनं मनाशी केला होता. तो चुकला. किनाऱ्याला तरीच्या दोन होड्या लागल्या होत्या, बेटावर माणसांची ने-आण करणाऱ्या. त्यातल्या दुसऱ्या होडीत गुडघ्याला पट्टा बांधलेला माणूस इंजिनाला दोरी गुंडाळत होता. तो नथू होता. केस पार पांढरे झाले होते. गुडघ्यामुळं त्यानं मोठी बोट सोडून तरीवर काम धरलं असावं. तिला त्यातलं काही माहीत नव्हतं.

त्यानं वर पाहिलं. मुलांकडं पाहिलं, सायमन सरांकडं, मग तिच्याकडं. क्षणभर त्याचा हात दोरीवर थांबला.

"चला बाई," तो म्हणाला, "पाय जपून टाका. पोरांनो, मधी बसा, एका बाजूला होऊ नका."

मुलं तिला बाईच म्हणत. त्यानंही तेच म्हटलं. हा माझा भाऊ, एवढं सांगायला एक श्वास पुरला असता. मुलांना गंमत वाटली असती, सायमन सरांनी त्याच्याशी हात मिळवला असता. पण आशालतानं पदर खोचला, गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन होडीची कड धरली आणि म्हणाली, "यादीप्रमाणे बसा रे, गोंधळ नको." श्वास निघून गेला. इंजिन सुरू झालं, आता बोललं तरी ऐकू येणार नव्हतं. दहा मिनिटांची ती वाट. नथू मागं सुकाणू धरून उभा आणि ती पुढं मुलांच्यात, त्याच्याकडं पाठ करून.

बेटावर तिनं सायमन सरांना सांगितलं, "तुम्ही अर्धा वर्ग घेऊन कोळीवाड्यात जा. मुलाखती तिकडेच घ्यायच्यात. मी उरलेल्यांना किल्ला दाखवते, मग आपण अदलाबदल करू." अदलाबदलीच्या वेळी ती पुन्हा किल्ल्यातच थांबली.

आणि शिकवलं मात्र तिनं उत्तम. दरवाज्यावर कोरलेले हत्ती आणि वाघ दाखवले. तटावरून दूर एकटा उभा असलेला गोल बुरूज दाखवला. विहिरीचं पाणी काढून प्रत्येकाला ओंजळभर प्यायला लावलं. चारी बाजूंना खारं पाणी, मग हे गोड कसं? मुलं विचार करायला लागली. तिनं काठीनं वाळूत आकृती काढली. पावसाचं पाणी वाळूत मुरतं, ते हलकं, म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. उपसा जास्त झाला की खारं वर येतं. एका मुलानं विचारलं, "बाई, तुम्ही आधी आलाय इथं?" ती म्हणाली, "हो, एकदोनदा."

तटाच्या कडेनं खाली बघितलं की घरं दिसत. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या रांगा, त्यांच्यापलीकडे पत्र्याची घरं. चौथं घर त्यांचं. त्याला आता निळा रंग दिला होता. कुणीतरी बाई अंगणात जवळा पसरत होती, नथूची बायको भागूबाई असणार. आशालता पाहत राहिली. मग कुणीतरी डबे खायचे का विचारलं आणि ती वळली.

परतताना ओहोटी लागली होती. होडी काठापासून लांबच थांबली आणि पुढं चिखल. नथू पाण्यात उतरून एकेका पोराला हात देऊन उतरवत होता. "सावकाश. चप्पल हातात घे. हां, आता जा." तिची पाळी आली. त्यानं तिलाही हात दिला. तळहात दगडासारखा. इतरांना धरलं तेवढंच धरलं आणि सोडून दिलं.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर घरी येऊन ती क्षेत्रभेटीचे तक्ते तपासायला बसली. छापील कागद होते. व्यक्तीचे नाव, व्यवसाय, शिक्षण, कुटुंबातील व्यक्ती, व्यवसायातील बदल. बहुतेकांनी अर्धवट भरलेले, एकमेकांचं बघून लिहिलेले. उन्नती नावाच्या मुलीचा कागद मात्र काठोकाठ भरला होता. उन्नतीचं कुटुंब दोन वर्षांपूर्वी साताऱ्याकडून आलं होतं. अक्षर टपोरं, आणि रकाना रिकामा सोडायचा नाही हा तिचा नियम.

व्यक्तीचे नाव: नथू काका. व्यवसाय: आधी मासेमारी, आता होडी. शिक्षण: चौथी. कुटुंबातील व्यक्ती: पत्नी, दोन मुलगे, एक बहीण आहे. बहिणीचे नाव: काशी. बहीण काय करते: शिक्षिका. कुठे राहते: वसईला. भेट होते का: नाही.

काशी हे तिचं माहेरचं नाव. वीस-बावीस वर्षांत ते तिनं कागदावर पाहिलं नव्हतं. "बहीण आहे" यातला "आहे" नंतर लिहिलेला दिसत होता. आधी दुसरं काहीतरी लिहून खोडरबरानं पुसलं होतं.

तिनं तो कागद बाजूला ठेवला. उरलेले तपासले. मग पुन्हा तो घेतला आणि त्यावर गुण न घालता ती तशीच बसून राहिली. खाली रिक्षावाले गिऱ्हाइकांना हाका घालत होते. सातला तिनं दिवा लावला.

सोमवारी मधल्या सुट्टीत तिनं उन्नतीला बोलावलं.

"हे तू स्वतः विचारलंस?"

"हो बाई. सायमन सर दुसऱ्यांबरोबर होते. ते काका होडीपाशी बसले होते, म्हणून त्यांना विचारलं." उन्नतीनं कागदाकडं पाहिलं. "काही चुकलंय का?"

"नाही. इथं काय खोडलंयस?"

"होती लिहिलं होतं. काका म्हणाले, एक बहीण होती. मी तसंच लिहिलं. पण मग पुढं विचारायला हवं ना, म्हणून मी म्हटलं, काका, वारली का? तर ते समुद्राकडं बघत बसले. मला वाटलं, चिडले. मग म्हणाले, नाय, जिती हाय. मास्तरीण हाय वसईला."

"मग?"

"मग मी म्हटलं, म्हणजे 'आहे' लिहू का? तर म्हणाले, लिव."

बाहेर मुलांचा कालवा चालला होता. आशालता म्हणाली, "आणि भेट होते का, हा प्रश्न तर आपल्या तक्त्यात नव्हता."

"नव्हता बाई. मीच विचारला. माझी ताई साताऱ्यालाच राहिली ना आजीकडं, म्हणून." उन्नतीनं त्या प्रश्नावर बोट ठेवलं. "तो खोडू का?"

"नको. राहू दे. चांगलं लिहिलंयस."

त्या रात्री जेवताना तिनं जितेंद्रला सांगितलं. ताटावरून न उठता, एका दमात, जसं ते साडेचार वर्षांपूर्वी घडलं होतं तसं. आईला इथं ठेवायचं नथूनं विचारलं होतं. मी तुम्हाला विचारते म्हणाले होते आणि विचारलं नाही.

जितेंद्रचा घास हातात राहिला. तो शांत माणूस. त्यानं भातात आमटी कालवली.

"मी हो म्हटलं असतं," तो म्हणाला.

"मला माहीत होतं."

"मग?"

कौस्तुभच्या मित्रांसमोर आई कोळणीसारखं लुगडं नेसून गॅलरीत बसेल, शेजारच्या बायका काय माशांचा वास येतो म्हणतील, आई मोठ्यानं तिच्या भाषेत बोलेल, असलंच काहीतरी त्या वेळी तिच्या मनात आलं होतं. आज ते तोंडानं बोलण्याच्या लायकीचं नव्हतं. जितेंद्रनं हात धुतले. "रविवारी मी येऊ का बरोबर?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "नको. मी एकटीच जाते."

रविवारी ती पोचली तेव्हा होडी निघायच्या बेतात होती. दोन कोळणी रिकाम्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या, एक म्हातारा, एक शिलाई मशीन. नथूनं तिला येताना पाहिलं आणि इंजिन सुरू न करता थांबला. ती चढली. म्हाताऱ्यानं तिला निरखून पाहिलं, बहुधा ओळखलं.

पलीकडे सगळे उतरले. ती बसून राहिली. नथू डबड्यानं होडीतलं पाणी उपसायला लागला.

"नथू," ती म्हणाली.

"बोल."

येताना तिनं बरंच काही जुळवलं होतं. त्यातलं एवढंच निघालं. "मी त्यांना विचारलंच नव्हतं. आईबद्दल. विचारते म्हटलं आणि विचारलं नाही."

डबडं थांबलं नाही. दोन-तीन वेळा पाणी बाहेर गेलं.

"ठावं हाय," तो म्हणाला. "तुझा मालक हो बोलला असता. तो मानूस तसा नाय."

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"बशी धुताना कळलं." त्यानं डबडं खाली ठेवलं. "तू आनली नाय तिला, त्याचा राग नाय मला. जागा नसंल, अडचन असंल, कुनाला नसते? पन आय रोज इचारायची, काशी कवा येते. मी रोज सांगायचो, उद्या. रोज उद्या. तेवीस दिस मी तिच्या तोंडावर खोटं बोललो. शेवटाला तीच म्हनाली, राहू दे रे, आता नको सांगू." तो होडीच्या कडेकडं बघत होता. "ते माझ्या मनातनं जात नाय."

आशालता रडली नाही. रडण्यासाठी समोरच्यानं थोडी जागा द्यावी लागते आणि नथूनं ती दिली नव्हती. तो उठला, गुडघा दाबत पाण्यात उतरला.

"भागू घरी हाय. जा तिकडं. मला अजून दोन फेऱ्या हायत."

भागूबाईनं तिला पाटावर बसवलं, कोरा चहा दिला. घर तेच, पण भिंती पुढं सरकल्यासारख्या वाटत होत्या. आईच्या खाटेवर जाळ्यांच्या गुंडाळ्या रचल्या होत्या. खाटेवर बसावं असं आशालताला वाटलं, पण जाळी हलवावी लागली असती. भागूबाईनं मुलांचं सांगितलं. थोरला डहाणूच्या बोटीवर असतो, धाकटा विरारला मोबाइलच्या दुकानात चिकटलाय, तो आता बेटावर राहायला तयार नाही. मग भागूबाई बाहेर जाऊन जवळा उलटवायला लागली. आशालतानं पदर खोचला आणि तिच्याशेजारी बसून तीही जवळा पसरू लागली. बोटांना सवय राहिली नव्हती, काटे रुतत होते. भागूबाईनं एकदा तिच्या हातांकडं पाहिलं आणि तिच्यासमोरचा ढीग थोडा आपल्याकडं ओढला.

उन्हं कलली तेव्हा नथू दारात आला. "पानी उतरतंय," म्हणाला. "निघायला पायजे."

परतीच्या होडीत ती एकटीच उतारू होती. या वेळी ती त्याच्याकडं तोंड करून बसली. काठाला चिखलात त्यानं हात दिला आणि ती उतरल्यावर म्हणाला, "आगाशीची एस.टी. सहाला असते. चुकवू नको."

पुढं ती जात राहिली. दर रविवारी नाही, महिन्यातून एकदा, कधी दोन महिन्यांनी. नथू तिच्याशी गुडघ्याबद्दल बोलायचा, वाऱ्याबद्दल, मासळी कशी कमी झाली त्याबद्दल. आईचा विषय त्या दिवसानंतर त्यानं कधी काढला नाही आणि तिला काढू दिला नाही. माणिकपूरला तो एकदाच आला, कौस्तुभला नोकरी लागली तेव्हा, आणि त्या वेळीही खाली भिंतीशी बसला. जितेंद्रनं खुर्ची पुढं केली, तर म्हणाला, "इथं बरं वाटतं."

त्या वर्षी उन्नतीच्या कागदावर आशालतानं दहापैकी नऊ गुण दिले होते. एक गुण शुद्धलेखनाचा कापला. मग तो कागद तिनं उन्नतीला परत दिला, कारण तो तिचा होता. वर्षअखेरीला सगळ्यांचे तक्ते शाळेच्या प्रदर्शनात भिंतीवर लावले होते. पालक येऊन बघून गेले. आशालता त्या भिंतीपाशी थोडा वेळ उभी राहिली. एका आईनं विचारलं, "बाई, छान झालेली दिसते सहल. तुम्ही होतात बरोबर?"

"हो," ती म्हणाली, "मी होते." आणि पुढच्या भिंतीकडं गेली.